ऑल व्हील ड्राइव्ह गाडी टोचन करताना नेमकं काय बिघडतं?

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या मेहुण्याची गाडी ताम्हिणी घाटात बंद पडली. कूलंटचा पाइप फुटला होता, टेम्परेचरचा काटा वर गेला, त्याने शहाण्यासारखी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणजे इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. पौडकडून एक क्रेनवाला आला, त्याने पुढची दोन चाकं पट्ट्यात घेऊन उचलली, मागची दोन रस्त्यावर, आणि निघाला. मी मागून माझ्या गाडीत. पौडला चहाला थांबलो तेव्हा मेहुण्याच्या गाडीच्या मागे उभा होतो आणि खालून करपल्यासारखा वास येत होता. वाकून मागच्या दोन चाकांच्या मधे जो भोपळ्यासारखा गोल भाग असतो ना, डिफरेन्शियल, त्याच्याजवळ हात नेला तर तव्याजवळ हात नेल्यासारखी धग. इंजिन बंद होऊन दोन तास झाले होते. बंद गाडी मागच्या बाजूने तापलीच कशी, हा प्रश्न तिथे डोक्यात आला आणि त्याचं उत्तर समजून घ्यायला मला पुढचे बरेच दिवस लागले.

ती गाडी ऑल व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी. पाइप आणि कूलंटचं काम काही हजारांत झालं असतं, टोचन केल्यामुळे जे गेलं त्याचं बिल सव्वा लाखाच्या वर गेलं. क्रेनवाल्याची मी चूक म्हणत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हाला माहीतच नव्हतं तर सांगणार काय. दर पावसाळ्यात पाण्यात अडकलेल्या, घाटात बंद पडलेल्या गाड्यांचे व्हिडिओ येतात, त्यात अशा गाड्या आता खूप दिसतात आणि बऱ्याचदा त्या तशाच अर्ध्या उचलून नेताना दिसतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

चारही चाकं बांधलेली असतात म्हणजे काय

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना, इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ क्लासिकसारख्यांत मागच्या चाकांना. उरलेली दोन चाकं हातगाडीच्या चाकांसारखी नुसती फिरतात, त्यांचा गिअरबॉक्सशी काही संबंध नसतो. म्हणून क्रेनवाल्यांचा जुना नियम एकदम बरोबर आहे, ज्या चाकांना ताकद जाते ती उचला आणि मोकळी चाकं रस्त्यावर राहू द्या.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मोकळी चाकं नावाचा प्रकारच नाही. पुढून मागे एक लांब दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट, आणि पुढची जोडी आणि मागची जोडी त्या दांड्याने एकमेकींना जोडलेली असते. मधे कुठेतरी एक जोड असतो जो थोडी ढील देतो, कारण वळताना पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. बैलगाडीचं जू डोळ्यासमोर आणा. दोन बैल एकाच जुवाला, एक थोडा पुढे एक थोडा मागे झाला तर जू तेवढं तिरकं होऊन चालवून घेतं. पण एक बैल खुंटाला बांधून ठेवला आणि दुसऱ्याला पळवला तर? एक तर जू मोडेल, नाहीतर मान. क्रेनने दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर पळवणं म्हणजे नेमकं हेच आहे.

आधी हे बघा, तुमची गाडी खरंच ऑल व्हील ड्राइव्ह आहे का

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे उंच गाडी दिसली की लोक तिला फोर बाय फोर म्हणतात. क्रेटा, सेल्टॉस दिसायला कितीही दणकट असल्या तरी भारतात विकल्या जाणाऱ्या पुढच्या चाकांच्याच आहेत. इनोव्हा हायक्रॉससुद्धा पुढच्याच चाकांची. उलट ग्रँड विटारा आणि हायरायडर २०२२ ला आल्या तेव्हा त्यांच्या काही मॉडेलमध्ये ऑल व्हील ड्राइव्ह आली, त्याआधी २०१४ मध्ये डस्टरने हा प्रकार मध्यमवर्गीय बजेटच्या जवळ आणला होता. एक्सयूव्ही ७०० मध्ये ती ठरावीक डिझेल ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. कंपास, फॉर्च्युनर यांचं पण तेच, नाव एकच पण आत दोन प्रकार असू शकतात. थारसुद्धा फक्त मागच्या चाकांची मिळते हे कित्येकांना माहीत नसतं.

सेकंड हँड घेतलेल्यांनी तर नक्की तपासा, कारण मागच्या दारावरची पट्टी पुसलेली किंवा हौसेने लावलेली असू शकते. सोपी खूण म्हणजे गाडीखाली वाकून बघा. पुढून मागे जाणारा लांब दांडा दिसतोय, मागच्या चाकांच्या मधे भोपळा दिसतोय, आणि पुढच्या दोन चाकांकडेही आतून दांडे जाताना दिसतायत, तर चारही चाकं बांधलेली आहेत. शंका असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला लिफ्टवर चढवलेली असताना मेकॅनिकला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक जोडी उचलली की आत काय होतं

जरा हिशोब करून बघू. २१५/६० आर १७ हा टायर आपल्याकडे या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना असतो. त्याचा घेर साधारण २.१७ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाक जवळजवळ ४६० वेळा फिरतं. क्रेन ताशी ४० ने चालली तर मागचं चाक मिनिटाला ३०० च्या वर फेऱ्या मारतंय. चाकापेक्षा प्रोपेलर शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, तिप्पट धरा, म्हणजे ९०० च्या वर फेऱ्या. आणि पुढची चाकं उचललेली, म्हणजे शून्य. तर जो जोड वळणावरच्या थोड्याशा फरकासाठी बनवलाय त्याच्या एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला ९०० फेऱ्या, आणि हे एखाद्या सेकंदासाठी नाही, ताम्हिणी ते कोथरूड तास दीड तास.

आता हा जोड गाडीगणिक वेगळा असतो. काहींत सिलिकॉनच्या दाट द्रवात बुडवलेल्या पातळ प्लेटा असतात, एक आड एक, अर्ध्या पुढच्या बाजूला जोडलेल्या अर्ध्या मागच्या. दोन्हीकडचा वेग वेगळा झाला की तो द्रव घुसळला जातो, तापतो, फुगतो आणि प्लेटा एकमेकींना पकडायला लागतात. चिखलात एक चाक घसरलं की ही पकड कामी येते. टोचनमध्ये मात्र घुसळणं थांबतच नाही, द्रव तापत जातो, सील जातात, आणि कधी कधी जोड पूर्ण जाम होऊन बसतो.

आजकालच्या बहुतेक गाड्यांत ऑइलमध्ये भिजलेला क्लच असतो, कॉम्प्युटर सांगेल तेवढा घट्ट होणारा. त्यात प्लेटांवरचं अस्तर घासून जातं आणि ऑइल करपतं, पौडला जो वास आला तो हाच होता. तिसरा प्रकार म्हणजे मधे एक छोटं डिफरेन्शियल, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. त्यात छोटे दातेरी गिअर असतात, वळताना ते सावकाश अर्धी पाव फेरी घेतात. एक बाजू थांबवून दुसरी पळवली की तेच गिअर भन्नाट फिरायला लागतात आणि ते ज्या पिनेवर बसलेत ती पीन खायला लागतात.

आणखी एक धोका पैशांच्या पलीकडचा आहे. जोड जाम झाला की मागच्या चाकांची ताकद पुढच्या उचललेल्या चाकांना जाते, ती पट्ट्यात फिरायला बघतात आणि गाडी क्रेनच्या दांड्यावरून पुढे चढायला किंवा निसटायला बघते. हे घाटात, मागे आमच्यासारखी दुसरी गाडी असताना झालं तर काय, हा विचार मला आजही नकोसा होतो.

"न्यूट्रलमध्ये टाकली की झालं ना?"

हे वाक्य मी स्वतः त्या दिवशी बोललोय. बहुतेकांना वाटतं की न्यूट्रल म्हणजे चाकं मोकळी. तसं नाहीये. न्यूट्रलमध्ये फक्त इंजिन सुटं होतं, चाकांपासून गिअरबॉक्सच्या बाहेरच्या टोकापर्यंतचं सगळं, म्हणजे दांडे, शाफ्ट, डिफरेन्शियल, मधला जोड आणि गिअरबॉक्सचा अर्धा भाग, हे चाकांबरोबर फिरतच राहतं.

आणि ऑटोमॅटिक असेल तर त्याहून वाईट. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत एक ऑइल पंप असतो आणि तो इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. म्हणजे चाकं आतले भाग फिरवतायत आणि ऑइल कुठेच पोचत नाहीये. गावाकडे विहिरीवर मोटर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पाणी संपलेलं असताना मोटर चालू राहिली तर काय होतं ते त्यांनी एकदा तरी बघितलेलं असतं. कोरडी फिरली, जळली. गिअरबॉक्सचं तेच, फक्त तिथे धूर दिसत नाही आणि तुम्हाला दोन महिन्यांनी कळतं.

मॅन्युअलमध्ये सहसा पंप नसतो, फिरते गिअर खालचं ऑइल वर उडवतात, त्यामुळे ती थोडी जास्त सोसते. पण काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही ऑइल उडवणारा शाफ्ट इंजिनाकडूनच फिरतो, न्यूट्रलमध्ये तो उभाच राहतो, म्हणून मॅन्युअल आहे म्हणजे कशीही ओढा असं नाही.

"इग्निशन बंद असेल तर तो क्लच सुटाच असतो की"

हा प्रश्न गाड्यांमधलं थोडं कळणारे लोक विचारतात आणि प्रश्न चांगला आहे. खरंय, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर बंद असला की मधला क्लच ढिला पडतो. पण ढिला म्हणजे वेगळा नव्हे. प्लेटा एकमेकींना चिकटूनच बसलेल्या असतात, मधे ऑइलचा पातळ थर, आणि ९०० फेऱ्यांना तो थरही ओढ देतो आणि तापतो. काही जुन्या डिझाइनमध्ये तर क्लच दाबणारा छोटा पंप पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या वेगातल्या फरकावरच चालायचा, तिथे इग्निशन बंद ठेवून उपयोग शून्य, फरक पडला की तो आपोआप आवळणारच.

शिवाय क्लच सुटा मानला तरी जी जोडी रस्त्यावर आहे तिच्या बाजूचं सगळं फिरतंच आहे ना. मागची उचलून पुढची रस्त्यावर ठेवली तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोरडा फिरणार, पुढची उचलून मागची ठेवली तर जोड आणि मागचा शाफ्ट. कुठून तरी मार बसतोच.

"अहो, चारच किलोमीटर तर न्यायचीय"

इथे खरं उत्तर जरा मधलं आहे, सरसकट नाही म्हणणं बरोबर होणार नाही. नुकसान दोन गोष्टींवर ठरतं, पुढच्या मागच्या चाकांच्या वेगात फरक किती आणि तो किती वेळ. रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली गाडी माणसांनी ढकलून कडेला घेणं, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवताना पाच सात मीटर ओढणं, याने काही होत नाही. चारही चाकं रस्त्यावर आहेत, सारख्या वेगाने फिरतायत, चालण्याच्या गतीने, तर जोडावर ताण नसतो.

म्हणजे अगदी दुसरा काही मार्ग नाही, गाडी मॅन्युअल आहे, दरड कोसळेल अशा जागेतून बाहेर काढायचीय, तर दोरीने चारही चाकांवर हळूहळू ओढणं हे दोन चाकं उचलून नेण्यापेक्षा कमी वाईट आहे. लोकांना हे उलटं वाटतं, क्रेन म्हणजे व्यवस्थित आणि दोरी म्हणजे जुगाड, पण या एका प्रकारच्या गाडीत गणित उलटं आहे. किती वेगाने आणि किती अंतर चालेल हे गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, काही कंपन्या थोडी सूट देतात, काही फ्लॅटबेडशिवाय नेऊच नका म्हणतात, तो आकडा आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा कारण घाटात रेंज नसते.

दोरीने ओढायचीच वेळ आली तर इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेक दोन तीनदा दाबल्यावर दगडासारखे कडक होतात, स्टिअरिंग जड होतं, किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं, म्हणून आत पक्का ड्रायव्हर हवा. कायद्यानेही ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस लागतो, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि मागे ऑन टो अशी पाटी लागते. दोरी बांधायची ती टो हुकलाच. बऱ्याच गाड्यांत हा हुक टुलकिटमध्ये सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून फिरवून बसवायचा असतो, काहींचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून अर्धवट ठेवू नका. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला, अ‍ॅक्सलला साखळी बांधली की अलाइनमेंटपासून सगळं वाकडं होतं.

मग काशिदच्या वाळूतून ओढून काढतात ते कसं चालतं?

दर मोठ्या सुट्टीला कोकणातल्या कुठल्या तरी किनाऱ्यावर गाडी रुतते आणि ट्रॅक्टर किंवा दुसरी थार येऊन ती काढते. त्याने काही होत नाही कारण ती वेगळी गोष्ट आहे. तिथे चारही चाकं जमिनीवर असतात, अंतर दहा वीस मीटर, बऱ्याचदा इंजिन चालू असतं म्हणजे ऑइलचा पंप चालू, आणि चाकं स्वतःही जोर लावत असतात. रुतलेली गाडी काढणं आणि बंद गाडी लांब नेणं या दोन कामांना आपण एकच शब्द वापरतो म्हणून गोंधळ होतो. फक्त एक, रुतलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाकं गरागरा फिरवत बसू नका, पुढची फिरतायत मागची नाही असं दोन चार मिनिटं चाललं की तोच जोड तापतो आणि डॅशबोर्डवर तापमानाची वॉर्निंग येते.

जुन्या जीप आणि जिप्सीचं काय

जिप्सी १९८५ ला आली, तेव्हापासूनच्या जुन्या फोर बाय फोर लोकांनी वर्षानुवर्षं दोरीने ओढल्या आणि त्यांना काही झालं नाही, म्हणून जुने लोक आपल्याला वेड्यात काढतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. त्या गाड्या पार्ट टाइम फोर बाय फोर होत्या, म्हणजे लिव्हर ओढेपर्यंत पुढची चाकं जोडली जातच नाहीत. काहींच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असायचे, ते फिरवले की चाक आतल्या दांड्यापासून सुटं व्हायचं. शिवाय ताकद वाटणाऱ्या पेटीला, ट्रान्सफर केसला, स्वतःचा न्यूट्रल असतो काही गाड्यांत, तो लावला तर गिअरबॉक्स पूर्ण बाजूला राहतो. हा न्यूट्रल गिअरच्या न्यूट्रलपेक्षा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका. आजच्या थारसारख्या गाड्यांनाही हे थोडंफार लागू आहे पण बटणावर चालणाऱ्या नवीन मॉडेलमध्ये बॅटरी संपली असेल तर तो न्यूट्रल लागेलच असं नाही.

ट्रकवाल्यांकडून मात्र शिकण्यासारखं आहे. ट्रक किंवा बस लांब टोचन करायची असेल तर जाणता मेकॅनिक आधी खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट खोलतो, चार नटबोल्ट, शाफ्ट वर टाकतो आणि मगच साखळी लावतो. चाकं आणि गिअरबॉक्स वेगळे केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही समज आपल्या हायवेवरच्या गॅरेजमध्ये कधीपासून आहे, ती फक्त कारपर्यंत पोचलेली नाही.

इलेक्ट्रिक असेल तर

हॅरिअर ईव्हीचं २०२५ मध्ये आलेलं चार चाकांचं मॉडेल घ्या, पुढे एक मोटर मागे एक, मधे शाफ्टच नाही. मग जोड तापायचा प्रश्न नाही, ओढायला काय हरकत? हरकत सायकलच्या डायनॅमोसारखी आहे. लहानपणी चाकाला डायनॅमो टेकवला की दिवा लागायचा, चाक फिरलं की वीज तयार. मोटर बाहेरून फिरवली की ती डायनॅमो होते, आणि बऱ्याच मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात त्यामुळे वीज तयार होणं बंदच करता येत नाही. गाडी बंद, ती वीज घ्यायला कुणी तयार नाही, थंड करणारा पंप बंद. म्हणून इलेक्ट्रिक गाडीत ताकद दोन चाकांना जात असो की चारही, चाकं फिरवत लांब न्यायचीच नाही. यातल्या गाड्यांत जो टो मोड असतो तो फ्लॅटबेडवर चढवण्यापुरता, मुंबईहून नाशिकला ओढत न्यायला नाही.

मग बरोबर काय

चारही चाकं जमिनीवरून वर. त्याचे दोन मार्ग. एक फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठ असलेला ट्रक जो पाठ तिरकी करून गाडी विंचने वर ओढून घेतो. दुसरा, फ्लॅटबेड जिथे पोचत नाही अशा बेसमेंट पार्किंगसारख्या जागी, क्रेनने दोन चाकं उचलायची आणि उरलेल्या दोन चाकांखाली छोट्या चाकांची ट्रॉली घालायची, त्याला डॉली म्हणतात. डॉलीवर गाडीची स्वतःची चाकं स्थिर राहतात, ट्रॉलीची फिरतात.

फोनवरच हे स्पष्ट सांगायचं. गाडी बंद पडलीय, टोइंग पाठवा, एवढंच सांगितलं तर जवळची जी क्रेन मोकळी असेल ती येते आणि मग पावसात उभं राहून वाद घालायची ताकद आपल्यात नसते. ऑल व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा, हे वाक्य दोनदा म्हणा आणि मेसेजमध्ये लिहूनही पाठवा. अमेरिकेत, कॅनडात राहणारे आपले लोक बर्फामुळे सर्रास अशा गाड्या घेतात, त्यांनाही हेच लागू, तिथेही सांगितलं नाही तर दोन चाकं उचलणारा ट्रक येऊ शकतो. रोडसाइड असिस्टन्स घेताना त्यात फ्लॅटबेड आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत, हे विचारून घ्या, कारण फ्लॅटबेड साध्या क्रेनपेक्षा महाग पडतो आणि चुकीच्या टोइंगने झालेलं नुकसान विम्यात बसवताना फार ओढाताण होते.

गाडी चढवताना समोर उभं राहून बघा. बॅटरी संपली असेल तर इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही आणि ऑटोमॅटिक पार्कमधून निघत नाही, तेव्हा घाईत चाकं फरफटत वर ओढतात. आधी जंपस्टार्ट करून ब्रेक सोडवा, नाहीच जमलं तर चाकांखाली घालायचे प्लास्टिकचे घसरते तुकडे मिळतात ते मागा. वर चढल्यावर पट्टे टायरवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या भागाला हुक अडकवून नाही, वाटेत खड्ड्यांमध्ये गाडी उसळते आणि सगळा झटका त्या भागाला बसतो.

आणि नो पार्किंगमधून उचलली तर

हा प्रश्न पुण्या मुंबईत सगळ्यात जास्त विचारला जातो कारण तिथे आपण हजर नसतो. ट्रॅफिकची टोइंग व्हॅन बहुतेकदा एक बाजू उचलूनच नेते. अंतर कमी असतं आणि वेग शहराचा, त्यामुळे प्रत्येक वेळी नुकसान होईलच असं नाही, पण हँडब्रेक लावलेला, गाडी पार्कमध्ये, अशा अवस्थेत नेली तर धोका वाढतो. तुम्ही पोचलात आणि गाडी अजून तिथेच असेल तर आधी नम्रपणे सांगा की ही चारही चाकांची आहे, दंड इथेच भरतो. मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना पुढच्या आणि मागच्या काचेवर एक छोटा मराठी स्टिकर लावायला सांगतो, ऑल व्हील ड्राइव्ह, चारही चाकं उचलूनच न्या. उचलणाऱ्या पोरांपैकी एकाने जरी वाचलं तरी काम झालं.

चुकीची ओढली गेलीच असेल तर

लगेच चालवून बघू नका. आधी गॅरेजमध्ये मागच्या डिफरेन्शियलचं, मधल्या जोडाचं आणि पुढच्या ताकद वाटणाऱ्या पेटीचं ऑइल तपासायला सांगा, तिन्हींचं ऑइल वेगळं असतं आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये हे सहसा कुणी उघडत नाही. लक्षणं म्हणजे सावकाश पूर्ण वळताना गाडी अडखळल्यासारखी वाटणं, ताशी ४०-५० ला खालून घूं असा आवाज, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, आमच्याकडे पहिले तीन आठवडे एकही दिवा लागला नव्हता. आणि याच जोडामुळे पुढे कधी टायर बदलताना दोनच नवे आणि दोन गुळगुळीत असं करू नका, घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही पुढच्या मागच्या वेगात सतत फरक राहतो, टोचनसारखाच पण अगदी हळू, हजारो किलोमीटर.

मेहुण्याच्या गाडीचं ऑइल काढताना मी शेजारी उभा होतो. मेकॅनिकने खालचा नट सोडवला, त्या नटाच्या टोकाला चुंबक असतो, आतला लोखंडी चुरा पकडायला. नट बाहेर आला तेव्हा टोकावर राखाडी चकाकणाऱ्या चुऱ्याची बोटाच्या पेराएवढी शेंडी उभी होती, मागोमाग काळं पातळ ऑइल आलं आणि पौडला आला होता तोच वास पुन्हा आला. मेकॅनिकने तो चुरा दोन बोटांत चोळून बघितला आणि एवढंच विचारलं, "कुठून ओढत आणली हो?"